सांगितलंत, पण समजलं का?

“मी तर सगळं सांगितलं होतं, तरी त्यांनी गोळ्या बंद केल्या.” “सासूसमोर सुनेला काही विचारता येत नाही, मग विचारायचं कधी?” “नवरा विचारतोय, बायकोचा रिपोर्ट काय आला. सांगायचं का?” “घरचे म्हणतात, आजोबांना कॅन्सरचं कळू देऊ नका; आणि आजोबा मलाच विचारतात.”

आशाताई, अंगणवाडी सेविका, परिचारिका, संस्थांचे कार्यकर्ते, वृद्धाश्रमात काम करणारे आणि घरीच दुखणेकऱ्याला सांभाळणारे वाचक असे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. या सगळ्यांना औषधोपचाराची माहिती असते. अडतं ते ती माहिती समोरच्यापर्यंत पोहोचवताना. म्हणून हा लेख फक्त बोलण्याबद्दल आहे: काय, कोणासमोर, कोणत्या शब्दांत बोलायचं, कुठे गप्प राहायचं आणि कुठे गप्प राहणं गुन्हा ठरतो. उदाहरणं अहिल्यानगर जिल्ह्यातली आहेत, पण पायऱ्या कुठेही लागू पडतील.

जामखेडने काय दाखवून दिलं

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावोगावी आरोग्याची माहिती पोहोचवायला त्यांनी आधी शिकलेल्या, प्रशिक्षित परिचारिका नेमून पाहिल्या. तो प्रयोग जमला नाही. परिचारिका बाहेरच्या होत्या आणि गाव त्यांच्यापाशी मन मोकळं करत नव्हतं. मग गावातल्याच बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार करायचं ठरलं. त्यांतल्या कित्येक निरक्षर होत्या, कित्येक दलित वस्तीतल्या. त्या नियमितपणे जामखेडला येत, शिकत, आपल्या गावातले अनुभव एकमेकींना सांगत आणि परत जाऊन घरोघर बोलत. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २००५ मध्ये देशभर आशा योजना आली, तिच्यामागे अशाच प्रयोगांचा अनुभव होता.

परिचारिकेचं ज्ञान या बायकांपेक्षा जास्तच होतं. तरी बायकांचं बोलणं चाललं. गरोदर बाई कमी का खाते, हे त्यांना ठाऊक होतं: बाळ मोठं झालं तर बाळंतपण अवघड जाईल अशी भीती. त्या आधी भीतीवर बोलत, मग भाकरीवर. तुमचंही काम इथूनच सुरू होतं. समोरच्याच्या डोक्यात आधीच काय आहे ते कळल्याशिवाय नवं काही सांगू नका. आणि त्याने आपल्या शब्दांत परत सांगेपर्यंत आपलं सांगून झालं असं समजू नका.

बोलण्याआधी तीन गोष्टी ठरवा

- कोणाशी बोलायचं? ज्याचं दुखणं त्याच्याशी. आजी खाटेवर बसलेली असताना “यांना भूक लागते का?” असं सुनेला विचारू नका. आधी आजींना विचारा, मग सुनेला.
- कोणासमोर बोलायचं? पाळी, गर्भपात, मारहाण, दारू, एचआयव्ही, मनाचं दुखणं हे विषय एकट्यातच काढा. सासू उठत नसेल तर तिला बाजूला सारू नका, कारण काढा: “मावशी, हिचं वजन करायचंय, अंगणवाडीत घेऊन जाते.” वजनकाटा, बीपीची तपासणी, लसीकरणाचा दिवस या एकट्यात बोलण्याच्या हक्काच्या संधी असतात.
- केव्हा बोलायचं? ऊसतोड मजूर पहाटेच फडात जातात. दुपारी कोपीवर गेलात तर लेकरंच भेटतील. संध्याकाळी, चूल पेटायच्या सुमारास जा. संदेश मुकादमाच्या फोनवर ठेवायचा असेल तर फक्त “लसीकरण उद्या दहाला” इतकाच ठेवा. कोणाचा आजार, कोणाचा रिपोर्ट त्या फोनवर जाता कामा नये.

पाच पायऱ्यांचा क्रम

- १. विचारा. “तुम्हाला काय वाटतं, हे कशानं झालं असेल?” “आतापर्यंत काय काय केलंत?” उत्तर येईपर्यंत थांबा. उत्तर चुकीचं असलं तरी मध्ये तोडू नका.
- २. तीनच गोष्टी सांगा. दहा सांगितल्या तर एकही घरी पोहोचत नाही. आज काय करायचं, काय दिसलं तर धावत यायचं आणि पुन्हा केव्हा भेटायचं, एवढं पुरे.
- ३. दाखवा. ओआरएसचं पाकीट नुसतं सांगण्यापेक्षा बाळाच्या आईच्याच घरातल्या भांड्यात लिटरभर पाणी मोजून कालवा. पुढच्या वेळी ती त्याच खुणेपर्यंत पाणी घेईल.
- ४. परत सांगायला लावा. “समजलं का?” हा प्रश्न विचारूच नका. त्याचं उत्तर नेहमी “हो” असतं. त्याऐवजी म्हणा, “मी नीट सांगितलं की नाही ते बघू. संध्याकाळी सासूबाईंनी विचारलं, तर त्यांना काय सांगाल?” परीक्षा तुमच्या सांगण्याची आहे, तिच्या हुशारीची नाही, हे तिला जाणवलं पाहिजे.
- ५. चुकलेलं तेवढंच पुन्हा सांगा. सगळं पहिल्यापासून नको.

जुलाब झालेल्या बाळाच्या आईशी बोलणं असं होऊ शकतं:

“वहिनी, बाळाला परत जुलाब झाला तर काय कराल?”
“ते पाकीट पाजीन.”
“किती पाण्यात?”
“पेलाभर.”
“इथंच माझं सांगायचं राहिलं. पेलाभर नाही, अख्खं पाकीट एक लिटर पाण्यात. त्या तांब्याने मोजूया का? आणि झिंकची गोळी किती दिवस?”
“जुलाब थांबेपर्यंत.”
“थांबले तरी पूर्ण चौदा दिवस.”

हे दोन प्रश्न विचारले नसते तर आई “हो हो” म्हणून गेली असती. बाळाला घट्ट मिठाचं पाणी मिळालं असतं आणि झिंक तिसऱ्या दिवशी बंद झालं असतं. या दोन प्रश्नांना मिनिटभरही लागत नाही.

दवाखान्यातले शब्द घरातल्या शब्दांत

- “रिपोर्ट निगेटिव्ह आला” हे ऐकून अनेकांचा चेहरा उतरतो. “आजार सापडला नाही” किंवा “आजार आहे” असं सरळ सांगा.
- “उपाशीपोटी या” म्हणजे चहा चालतो असं लोक धरून चालतात. “रात्रीच्या जेवणानंतर पाण्याशिवाय काही नाही, चहाही नाही” असं सांगा.
- “दिवसातून तीनदा” ऐवजी “सकाळी, दुपारी, रात्री, जेवल्यावर.” वाचता न येणाऱ्यांसाठी गोळ्यांच्या पाकिटावर सूर्य आणि चंद्र काढा.
- “निव्वळ स्तनपान” ऐवजी “सहा महिने फक्त अंगावरचं दूध, पाणी नाही, घुटी नाही, मध नाही.”
- “हिमोग्लोबिन कमी आहे” ऐवजी “अंगात रक्त कमी आहे.” लोहाच्या गोळीने शौचाला काळं होतं हे आधीच सांगा, नाहीतर बाई घाबरून गोळी टाकून देते. गोळीबरोबर चहा नको, हेही.
- “पेशंट रेफर केलाय” ऐवजी “इथे रक्त चढवायची सोय नाही, म्हणून नगरच्या सिव्हिलला न्यायचंय. गाडी बोलावली आहे. सोबत दोघं चला, कागद हे घ्या.”

उलट दिशेनेही कान उघडे ठेवा. “अंगावरून जातंय” म्हणजे पांढरं की लाल, हे विचारून घ्या. “मायांग बाहेर येतं”, “वारं गेलं”, “झटका आला”, “बाहेरचं झालंय” हे शब्द नोंदवहीत जसेच्या तसे लिहा आणि पुढे लक्षण विचारा. शब्दाला हसलात तर बाई पुढचं सांगणार नाही.

दीर्घ आजारात एक वाक्य पहिल्याच दिवशी सांगायला हवं: बरं वाटणं आणि बरं होणं वेगळं. क्षयाचा रुग्ण महिन्या-दीड महिन्यात उभारी धरतो आणि गोळ्या सोडतो. साधारणपणे उपचार सहा महिन्यांचे असतात. बीपीचं मशीन बरोबर आकडा दाखवतं ते गोळी चालू आहे म्हणून, हे सांगितलं नाही तर माणूस त्याच आकड्याच्या आनंदात गोळी बंद करतो. पैशाची बाजूही बोला. क्षयरुग्णाला निक्षय पोषण योजनेतून उपचार चालू असेपर्यंत दरमहा मिळणारे ५०० रुपये नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले आहेत. खाण्याचा सल्ला दिलात तर ही रक्कम कशी मिळते तेही त्याच दमात सांगा.

लसीकरणाच्या वेळी चार वाक्यं कधीही गाळू नका: आज कोणती लस दिली, तिने काय त्रास होऊ शकतो, त्रास झाला तर काय करायचं, पुढची तारीख कोणती (आणि कार्ड जपून ठेवा). “ताप येईल” हे आधी सांगितलेलं असलं की ताप आल्यावर आई म्हणते, “ताई म्हणाली होती.” नाही सांगितलं तर म्हणते, “लसीनं आजारी पाडलं.”

भाषा वेगळी असेल तर

चौदा तालुक्यांच्या या जिल्ह्यात एकच मराठी चालत नाही. अकोल्याच्या डोंगरातल्या ठाकर आणि महादेव कोळी वस्त्यांमधली बोली, पाथर्डी-जामखेडकडची मराठवाड्याला जवळची बोली, एमआयडीसीतल्या कामगारांची हिंदी, सगळं तुमच्या दारात येतं.

- दुभाषा म्हणून घरातलं लेकरू वापरू नका. आईच्या गर्भपाताबद्दल किंवा बापाच्या दारूबद्दल दहा वर्षांच्या पोराने बोलणं त्याच्यावर अन्याय आहे, आणि माहितीही अर्धवट येते.
- नवऱ्याला किंवा मुकादमाला दुभाषा करू नका. मारहाणीची शंका असेल तर मुळीच नको. त्याच बोलीतली दुसरी आशाताई फोनवर घ्या.
- दुभाषा असला तरी बघायचं रुग्णाकडे आणि बोलायचंही रुग्णाशी.
- ऐकू कमी येणाऱ्यांशी ओरडून बोलू नका. समोर बसा, चेहऱ्यावर उजेड असू द्या, सावकाश बोला.
- कुटुंब तोडीला निघण्याआधी, म्हणजे दिवाळीच्या सुमारास, माता-बाल कार्ड सोबत घेतलंय का ते पाहा. कोणत्या कारखान्याच्या हद्दीत जाणार ते विचारा आणि तिथल्या आशाताईचा नंबर कार्डावर लिहून द्या.

“आधी देवाचं बघतो” म्हणणाऱ्यांशी

वाद घालून कोणाला पटत नाही. श्रद्धा आणि उपचार यांपैकी एक निवडा असं म्हणालात तर अनेकदा तुम्हीच हरता. म्हणा, “अंगारा लावा, माझी ना नाही. पण गाडी आत्ता निघू द्या.” लसीला नकार देणाऱ्या घरात कारण शोधा. बहुतेकदा तिथे शेजारच्या बाळाची एखादी गोष्ट असते. ती पूर्ण ऐका, त्यातलं खरं तेवढं मान्य करा, मग बोला. आज नाही म्हणाले तरी दार बंद होईल असं बोलू नका.

सर्पदंशात मात्र वाट पाहायला वेळ नसतो. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याप्रमाणे साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला वैद्यकीय उपचारांपासून रोखून मंत्रतंत्र करणं गुन्हा आहे. कायद्याचा धाक भगताला दाखवण्यापेक्षा त्यालाच सोबत गाडीत बसवा: “बाबा, तुम्ही सोबत चला, तुमचं ऐकतात.” पावसाळ्याआधीच अशा माणसांना भेटून ठेवलं, तर वेळेवर तेच दवाखान्याची वाट दाखवतात.

वाईट बातमी देताना

निदान सांगणं हे डॉक्टरांचं काम आहे. पण डॉक्टर गेल्यावर प्रश्न तुम्हालाच विचारले जातात.

- आधी विचारा: “डॉक्टर काय म्हणाले? तुम्हाला किती समजलं?”
- बसून बोला. दारात, जिन्यात, फोन हातात घेऊन नको.
- इशारा द्या: “बातमी चांगली नाही.” मग साध्या शब्दांत एकच वाक्य सांगा. मृत्यू झाला असेल तर “गेले” असंच म्हणा. “आम्ही प्रयत्न केले, पण...” असं अर्धवट सोडू नका.
- मग गप्प राहा. रडू द्या. “धीर धरा”, “देवाची मर्जी” ही वाक्यं आपल्या सोयीची असतात.
- शेवटी पुढचं पाऊल सांगा: आता कोणत्या डॉक्टरांना भेटायचं, कागद कुठे मिळतील, गाडीची सोय काय.

“आजोबांना सांगू नका” असं घरच्यांनी म्हटलं तर? सज्ञान, शुद्धीवर असलेल्या माणसाला आपल्या आजाराची माहिती मिळणं हा त्याचा हक्क आहे. तुम्ही परस्पर निदान सांगू नका, पण खोटंही बोलू नका. आजोबांना म्हणा, “हे डॉक्टरच तुम्हाला नीट सांगतील. तुम्हाला विचारायचंय हे मी आजच त्यांच्या कानावर घालते.” घरच्यांना म्हणा, “त्यांनी स्वतःहून विचारलंय. त्यांना किती जाणून घ्यायचंय तेवढं तरी डॉक्टरांना विचारू द्या.”

माणूस फार खचलेला दिसला, कर्जाचा, घरच्या भांडणाचा विषय निघाला, तर सरळ विचारा: “जीव द्यावासा वाटतो का?” विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट कोणीतरी विचारलं म्हणून माणूस बोलता होतो. उत्तर “हो” असेल तर एकटं सोडू नका, घरातलं कीटकनाशक हलवायला सांगा, १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर तिथूनच फोन लावा. मानसिक आरोग्य कायदा २०१७ प्रमाणे आत्महत्येचा प्रयत्न केलेली व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरलं जातं. “पोलीस केस होईल” या भीतीने दवाखाना टाळणाऱ्या घराला हे सांगा.

संमती: अंगठा घेणं पुरेसं नाही

शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भपिशव्या मोठ्या संख्येने काढल्या गेल्याचं प्रकरण २०१९ मध्ये राज्यभर गाजलं. “पिशवी काढली नाही तर कॅन्सर होईल” अशी भीती घातली गेल्याचं कित्येकींनी सांगितलं. भीती घालून घेतलेला होकार म्हणजे संमती नव्हे. शस्त्रक्रिया करायला सांगितलेल्या बाईला हे पाच प्रश्न पाठ करून पाठवा:

- मला नेमकं काय झालंय?
- ही शस्त्रक्रिया केली नाही तर काय होईल?
- औषधाने किंवा दुसऱ्या उपायाने भागेल का?
- यात धोका काय, नंतर त्रास काय?
- खर्च किती, आणि दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायला वेळ आहे का?

समीरा कोहली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्पष्ट केलं: रुग्ण सज्ञान असेल आणि जिवावरचा प्रसंग नसेल, तर तिच्याऐवजी आईची संमती घेऊन गर्भाशय काढणं चालत नाही. तपासणीसाठी दिलेली संमती शस्त्रक्रियेसाठी धरता येत नाही. सज्ञान स्त्रीच्या कायदेशीर गर्भपातासाठी तिची स्वतःची संमती पुरते. नवऱ्याची सही कायद्याने लागत नाही. एचआयव्हीची तपासणीही संमतीशिवाय करता येत नाही. उपचारांचे कागद मागितल्यावर ते ७२ तासांत द्यायला हवेत, हा नियम डॉक्टरांच्या आचारसंहितेतच आहे.

गुप्तता: काय झाकायचं, काय कळवायचंच

*झाकून ठेवा:*

- एचआयव्ही. २०१७ च्या कायद्याने रुग्णाच्या संमतीशिवाय त्याची स्थिती उघड करायला मनाई आहे. जोडीदाराला सांगण्याचा अधिकार ठरावीक परिस्थितीत डॉक्टर किंवा समुपदेशकाला आहे, तुम्हाला नाही. नवऱ्याला उत्तर द्या: “रिपोर्ट ज्याचा त्यालाच मिळतो. तुम्ही दोघं समुपदेशकांकडे या.” नगरमध्ये १९८९ पासून एचआयव्हीबाधित आणि देहविक्रीत अडकलेल्या महिलांसोबत काम करणारी स्नेहालयसारखी संस्था आहे. पुढचा आधार लागला तर रुग्णाला विचारूनच तिथे जोडून द्या.
- गर्भपात करून घेतलेल्या स्त्रीचं नाव.
- अत्याचार झालेल्या स्त्रीची किंवा बालकाची ओळख. नाव, फोटो, शाळा, गल्ली, काहीच नको.
- गर्भाचं लिंग. ते विचारणं, सांगणं, सुचवणं, सगळंच गुन्हा.
- फोटो. कामाच्या पुराव्यासाठी ग्रुपवर फोटो टाकायला सांगितलं तर चेहरा, कार्ड, रिपोर्ट दिसणार नाही असा काढा, आणि विचारून काढा.

*कळवायलाच हवं:*

- अठरा वर्षांखालच्या मुला-मुलीवर लैंगिक अत्याचार. पोक्सो कायदा, २०१२ च्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत शिक्षा होऊ शकते. म्हणून मुलीला “कोणालाच सांगणार नाही” असं वचन देऊ नका. म्हणा, “तुला सुरक्षित ठेवायला ज्यांना सांगावं लागेल तेवढ्यांनाच सांगेन, आणि आधी तुला सांगेन.” खोदून खोदून विचारू नका, तिचेच शब्द लिहून घ्या. सतरा वर्षांची विवाहित मुलगी गरोदर असली तरी हा नियम सुटत नाही, पण त्या भीतीने तिची तपासणी थांबवू नका. अल्पवयीन मुलीने आणि पालकांनी विनंती केली, तर गर्भपात करणाऱ्या डॉक्टरने कळवताना तिची ओळख उघड करायची गरज नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटलं आहे.
- होऊ घातलेला बालविवाह. गावात ग्रामसेवक, किंवा १०९८.
- जिवाला तातडीचा धोका, स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या.

सज्ञान स्त्रीला घरात मारहाण होत असेल तर निर्णय तिचा. तिला १८१ क्रमांक, संरक्षण अधिकारी आणि सखी केंद्राची माहिती द्या. कागदावर नको, तोंडी पाठ करून घ्या, कारण कागद घरी सापडतो. लैंगिक अत्याचार झालेल्या स्त्रीला प्रथमोपचार मोफत देणं सरकारी आणि खासगी दोन्ही रुग्णालयांवर बंधनकारक आहे. “आधी पोलिसांत जा” म्हणून कोणी परत पाठवू शकत नाही.

डॉक्टरांना किंवा १०८ ला फोन करताना

घाईत माणूस गोष्ट सांगत बसतो. क्रम ठरलेला ठेवा: मी कोण, कुठून, रुग्ण कोण, आत्ता काय होतंय, आधीचं काय, मला काय हवंय.

“मी अमुक गावची आशा. बाई चोवीस वर्षांची, दुसरं बाळंतपण, नववा महिना. अर्ध्या तासापासून अंगावरून लाल जातंय, दोन कपडे भिजले. पहिलं सिझर. शुद्धीवर आहे, हातपाय गार पडलेत. गाडी हवी, आणि रक्ताची सोय असलेल्या ठिकाणी कळवून ठेवा. शाळेजवळच्या पाण्याच्या टाकीपाशी माणूस उभा करते.”

पलीकडून जे सांगतील ते तुम्ही परत म्हणून दाखवा. वेळ लिहा, नाव लिहा. पाळी बदलताना परिचारिकांनीही हाच क्रम वापरावा.

घरी माणूस सांभाळत असाल तर

विसराळूपणाचा आजार असलेल्या आईशी “सांगितलं ना मघाशी!” हा वाद जिंकून उपयोग नाही. एका वेळी एकच सूचना द्या. दोनच पर्याय द्या: “निळं लुगडं की हिरवं?” ती वारलेल्या माणसाची वाट पाहत असेल तर दर वेळी मृत्यूची बातमी नव्याने देऊ नका, त्याच्याबद्दल बोला. भावंडांमध्ये औषधांची एकच वही ठेवा, म्हणजे फोनवरची भांडणं अर्धी होतात. वृद्धांच्या छळाची, एकटेपणाची किंवा कायदेशीर अडचण असेल तर १४५६७ वर बोला.

समोरचा चिडलाय तेव्हा, आणि तुमचे हक्क

नातेवाइकांचा राग बहुतेकदा वाट पाहण्यातून येतो. दर थोड्या वेळाने कोणीतरी बाहेर येऊन “अजून उपचार चालू आहेत, पाऊण तासाने पुन्हा सांगतो” एवढं सांगितलं तरी तो उतरतो. सांगितलेली वेळ पाळा. सगळ्या घोळक्याशी बोलू नका; घरातल्या एकाला पुढे करायला सांगा. आवाज खाली ठेवा, दाराकडची बाजू आपली ठेवा.

पण सहन करणं हा नोकरीचा भाग नाही. रुग्णालय आणि कर्मचाऱ्यांवरील हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्रात २०१० पासून कायदा आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपर्यंत दंडाची तरतूद आहे. कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ झाला तर अंतर्गत समितीकडे, ती नसेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तीन महिन्यांत लेखी तक्रार करा. रात्री एकटीने जावं लागलं तर कुठे निघालात हे कोणाला तरी कळवून निघा.

फोनच्या मागे चिकटवून ठेवा

- १०८: रुग्णवाहिका
- १०२: गरोदर माता आणि नवजात बाळासाठी गाडी
- १०४: आरोग्य सल्ला
- ११२: पोलीस आणि इतर तातडीची मदत
- १०९८: बालकांसाठी
- १८१: महिलांसाठी
- १४५६७: ज्येष्ठ नागरिकांसाठी
- १४४१६: मानसिक आधार
- १०९७: एचआयव्हीविषयी माहिती
- १५५३८८: महात्मा फुले जनआरोग्य योजना

सुरुवात कुठून करायची

हे सगळं एका दिवसात अंगी येणार नाही. या आठवड्यात एकच बदल करा: “समजलं का?” हा प्रश्न बंद करा आणि प्रत्येक घरात “घरच्यांना काय सांगाल?” हे विचारा. कोणती गोष्ट बहुतेक जण चुकीची परत सांगतात ते वहीत लिहा आणि महिन्याच्या बैठकीत मांडा. एकच चूक पाच घरांत झाली असेल, तर दोष त्या पाच घरांचा नाही. त्या सूचनेचे शब्द बदलायला हवेत, आणि ते कसे बदलायचे हे वरच्या कार्यालयापेक्षा तुम्हालाच जास्त कळतं.